एकवीस हजारांच्या आत

यंदाच्या अंकाचा विषय ‘घरखर्च’ असा ठरल्याचे संपादकांनी कळविले, तेव्हा सोन्याचे भाव, मुलांच्या शाळांचे शुल्क आणि मध्यमवर्गाची कर्जे यांवर लिहिणारे हात पुष्कळ निघतील हे गृहीत धरून मी त्यांच्यापाशी थोडी निराळी परवानगी मागितली. ज्या घरांत महिन्याची निश्चित म्हणावी अशी प्राप्ती एकच, आणि तीही सरकारी खजिन्यातून येणारी, त्या घरांचा जमाखर्च कसा चालतो, आणि तो पैसा कोणकोणत्या दप्तरांतून वाट काढीत त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतो, हे प्रत्यक्ष पाहावे असे मनात होते. त्यासाठी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याची कचेरी आणि तिच्या हद्दीतील दोन-तीन गावे निवडली. तालुक्याचे नाव येथे देत नाही. जे पाहिले ते अन्य कोणत्याही तालुक्यात दिसले असते, आणि ज्यांनी मोकळ्या मनाने चार गोष्टी सांगितल्या त्यांच्या नोकरीस वा अनुदानास त्यापायी बाध येऊ नये, एवढीच त्यामागची इच्छा.

शाखेची खोली

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने मराठवाड्यातील नद्यांनी पात्रे सोडली होती, काढणीला आलेले सोयाबीन आणि बोंडांवर आलेला कापूस पाण्याखाली गेला होता, आणि महसूल खात्याचा झाडून सारा नोकरवर्ग नुकसानीचे पंचनामे करण्यासाठी बांधाबांधावर हिंडत होता. त्यामुळे तहसील कचेरीच्या मागील अंगास असलेली संजय गांधी योजनेची शाखा त्या दिवसांत एकट्या अव्वल कारकुनाच्या भरवशावर चालली होती. बाहेरच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसे बसली होती, आणि त्यांत पुरुष थोडे. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तीत शिधापत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि या साऱ्यांच्या झेरॉक्स प्रतींचा घडीघडीने विरलेला गठ्ठा. एका कागदाची उणीव निघाली तर दुसऱ्या फेरीचे एस. टी. भाडे पदरी पडते, म्हणून जो कागद मागितलेला नाही तोही बरोबर आणण्याची सवय या बायकांना अनुभवाने लागली आहे. स्त्रियांना एस. टी. अर्ध्या भाड्यात नेते आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट; तो दिलासा नसता तर व्हरांड्यातील गर्दी बरीच ओसरली असती, असे तिथला शिपाई म्हणाला.

या खोलीतून मुख्यत्वे दोन योजनांचा कारभार चालतो. पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. पासष्टीच्या आतील विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रिया, अनाथ मुले, दिव्यांग, क्षय, कर्करोग किंवा पक्षाघात यांसारख्या व्याधींनी कामास असमर्थ झालेली माणसे, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, तृतीयपंथी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे कुटुंब, अशी तिची पात्रांची यादी लांबलचक असून, ती सलग वाचली असता मनुष्यावर कोसळू शकणाऱ्या बहुतेक आपत्तींची कोणी शासकीय भाषेत सूची केली आहे की काय, असे वाटू लागते. दुसरी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. ती पासष्टी गाठलेल्या वृद्धांसाठी. दिव्यांग वगळता दोन्हींत दरमहा १,५०० रुपये मिळतात. २०२३ च्या जुलैपूर्वी ते १,००० होते. केंद्र सरकारचा वाटा असतो तो दारिद्र्यरेषेखालील जुन्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांच्यापुरता, आणि ऐंशीच्या आतील वृद्धाच्या बाबतीत तो २०० रुपयांवर कित्येक वर्षे थिजलेला आहे. उरलेला भार राज्याचा. खेड्यात मात्र या नावांनी कोणी बोलत नाही. ‘पगार आला का?’ एवढाच प्रश्न असतो आणि तो सर्वांना कळतो.

पूर्वी तहसीलदार कोषागारातून रक्कम काढीत, लाभार्थ्यांच्या याद्या बँकांकडे जात, आणि वाटपाच्या दिवशी बँकेच्या शाखेसमोर पहाटेपासून रांग लागे. डिसेंबर २०२४ पासून ही मधली कडी गेली; पैसा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागला. सुधारणा चांगली, यात शंका नाही, परंतु तिच्या पोटी एक नवीच अडचण जन्मली. पैसा अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार क्रमांक ज्या खात्याशी सर्वांत अखेरीस जोडला गेला असेल त्यात जातो, आणि ते खाते कोणते हे पुष्कळांच्या स्मरणातच नसते. कधी गावात आलेल्या एखाद्या माणसाने जनधनचे खाते उघडून दिलेले असते, कधी बचतगटाच्या कर्जासाठी तालुक्याबाहेरच्या बँकेत अंगठा उमटविलेला असतो.

‘मावशी, तुमचे पैसे परत गेले आहेत. खाते आधारला जोडलेले दिसत नाही,’ कारकुनाने पडद्याकडे पाहत सांगितले.

‘दोन बार जोडलं की, साहेब. त्या पोरानं पन्नास रुपये घेतले.’

‘जोडलं असेल, पण डीबीटीला नाही जोडलं. बँकेत जाऊन तेवढं सांगा.’

खात्याला आधार जोडणे आणि ते खाते थेट हस्तांतरणासाठी खुले करणे या दोन पृथक् क्रिया आहेत, हा भेद मला स्वतःला कळण्यास अर्धा तास लागला. त्या बाईंनी तो त्या क्षणी कळल्यासारखी मान डोलावली आणि त्या बाहेर जाऊन पुन्हा व्हरांड्यातच बसल्या. कारकून माणूस सौजन्यशील होता. आदल्या तासाभरात त्याने हेच वाक्य अनेकदा उच्चारले होते, आणि त्याच्या स्वरात अजून त्रासिकपणा आला नव्हता. पडद्यावरची यादी त्याने मला दाखविली, तेव्हा तालुक्यातील वृद्धांपैकी फार मोठा भाग १ जानेवारीलाच जन्मला असल्याचे दिसले. आधार कार्ड काढताना ज्यांना जन्मतारीख सांगता आली नाही त्यांना यंत्राने वर्षारंभ बहाल केला होता, आणि साहजिकच पासष्टी पूर्ण होण्याचा मुहूर्तही या साऱ्यांचा एकच होता.

तलाठ्याचा आकडा

वय, वैधव्य, व्याधी यांचे पुरावे मिळविणे कष्टाचे असले तरी ते सरळ आहे. खरा डोंगर आहे तो उत्पन्नाच्या दाखल्याचा. निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असले पाहिजे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. अनुदानाची रक्कम ६०० वरून १,००० आणि तेथून १,५०० अशी चढत गेली, परंतु ही मर्यादा जागची हलली नाही. एकवीस हजारांना बाराने भागले म्हणजे महिन्याचे १,७५० रुपये होतात. रोजगार हमीवरील मजुरीचा २०२५-२६ या वर्षाचा राज्यातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे घरातील एकाच माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस सरकारी कामावर घाम गाळला की ते कुटुंब, सरकारच्याच हिशेबाने, साहाय्यास अपात्र ठरते.

ही विसंगती कोणाच्या लक्षात आलेली नाही असे मुळीच नव्हे. एका गावच्या तलाठ्यांची, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले असले तरी ज्यांना गाव अजून भाऊसाहेब म्हणूनच हाक मारते, त्यांची गाठ पुराच्या पंचनाम्यांवरून परतताना पडली. चिखलाने माखलेले बूट काढून ठेवीत ते म्हणाले, ‘खरा आकडा घालायचा म्हटलं, तर एकवीस हजारांत वर्ष काढणारं एक घर या गावात मला दाखवा. आणि खोटा घालू नये म्हटलं, तर एकाही म्हातारीला पगार मिळायचा नाही. मग मी काय करावं? अर्जदार जबाब देतो, दोन पंच सही करतात, मी अहवाल देतो. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.’

सगळ्यांना सगळे ठाऊक असते, हेच मला या व्यवस्थेतील सर्वांत चिंताजनक वाटले. एकाच घराला सरकार किती मापांनी मोजते ते पाहावे: पिवळ्या शिधापत्रिकेसाठी १५,००० रुपये, निराधार अनुदानासाठी २१,०००, केशरी शिधापत्रिकेसाठी १ लाख, लाडक्या बहिणीसाठी अडीच लाख, आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणासाठी ८ लाख. यांतील वरच्या मर्यादा जगण्याशी काही नाते राखून आहेत. सर्वांत गरजू माणसासाठी जी ठेवली आहे ती मात्र अशी की तिच्या आत बसण्यासाठी त्याने प्रथम असत्य कथन करावे. प्रामाणिक माणूस मनाने खजील होतो, आणि लबाड माणसाला त्यात व्यवसाय सापडतो. दाखला ‘बसवून देणारे’ मध्यस्थ सेतू केंद्राच्या आसपास वावरतात ते याच फटीत. अनुदान चालू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांची रक्कम त्यांच्याकडे जाते, असे एकीहून अधिक बायकांनी सांगितले, आणि त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

दाखल्यानंतर प्रकरण तालुका समितीपुढे जाते. समितीचा अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमलेला, आणि तहसीलदार तिचे सचिव. सरकार पालटले की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमणुकांची वाट पाहत बैठका रेंगाळतात. बैठक झाली की मंजूर, नामंजूर आणि त्रुटी असे तीन गठ्ठे पडतात. मंजुरीपत्रांचे वाटप समारंभपूर्वक, फलक लावून होते. कायद्याने जे देय आहे ते कोणा एका गृहस्थाच्या हस्ते, त्याच्या कृपेने मिळाल्यासारखे वाटावे, ही या समारंभामागील कल्पना असावी, आणि ती बऱ्याच अंशी सफळही होते. ‘अध्यक्षांनी पगार चालू करून दिला’ हे वाक्य मी गावोगाव ऐकले.

पोटगीचे जुने सदर

राज्याने प्रजेच्या उदरनिर्वाहासाठी नेमणूक लावून देणे आपल्याकडे नवे नाही. पेशवे दप्तरात युद्धात कामी आलेल्या शिपायाच्या लेकरांसाठी जमीन वा रोख लावून दिल्याच्या नोंदी ‘बालपरवेशी’ या सदराखाली आढळतात. बापाने चाकरी करता करता प्राण वेचले, सबब मुलांचे पालन सरकारने करावे, असा तो सरळ व्यवहार होता. त्यात उपकाराचा भाव नव्हता आणि दारिद्र्य सिद्ध करून दाखविण्याची अटही नव्हती.

स्वतंत्र महाराष्ट्राने प्रथम विचार केला तो काम करू शकणाऱ्या हातांचा. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील विसापूर येथे जो प्रयोग करून पाहिला, त्यातून आणि पुढे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिच्या खर्चासाठी नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम खडी फोडणाऱ्या मजुराच्या मस्टरपर्यंत जाते, ही कल्पना त्या काळी फार अभिनव ठरली. परंतु ज्यांना कुदळ उचलता येत नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरला होताच. १९८० साली अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना निराधार अनुदानाची योजना आली ती त्याचे उत्तर म्हणून. केंद्राला वृद्धांसाठी देशव्यापी साहाय्य सुरू करण्यास १९९५ चा स्वातंत्र्यदिन उजाडावा लागला.

अशा रीतीने दोन कप्पे तयार झाले. ज्याचे हात चालतात त्याने काम मागावे. ज्याचे चालत नाहीत त्याने अनुदान मागावे. ज्या माणसाचे हात धडधाकट आहेत, परंतु अंथरुणाला खिळलेल्या दुसऱ्या कोणाला उठविण्या-बसविण्यातच अहोरात्र गुंतलेले आहेत, ते या दोहोंपैकी कोणत्या कप्प्यात पडते, याचा विचार त्या वेळी झाला नाही, आणि पुढेही होण्याचे कारण कोणास वाटलेले दिसत नाही.

अर्धा कोयता

हा तिसरा माणूस मला भेटला तो तालुक्यापासून काही अंतरावरच्या एका वस्तीवर. चाळिशीच्या आसपासची बाई. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासू, जिची डावी बाजू पक्षाघाताने गेली आहे, आणि एकोणीस वर्षांची मुलगी, जिला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. नवरा दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो.

ऊसतोडीच्या जगात माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. एक कोयता म्हणजे एक जोडपे: पुरुषाने ऊस तोडायचा, बाईने मोळी बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत न्यायची. मुकादम हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतो, जिला उचल म्हणतात, तीही कोयत्यावर ठरते आणि आजकाल ती लाखाच्या आसपास जाते. एकटाच गेलेला पुरुष अर्धा कोयता ठरतो. त्याला निम्मी उचल मिळते आणि फडात दुसऱ्या कोणा एकट्याशी जोडून घ्यावे लागते.

‘लेक सहा वर्षांची होईतोवर मी जात होते,’ बाई सांगू लागल्या, आणि सांगताना त्यांचा हात सासूच्या पाठीखाली उशी सरकवीत होता. ‘खोपीत तिला बांधून ठेवावं लागायचं. मग आत्याबाईंना वारं गेलं. तवापासून मालक एकलेच जातेत, अर्ध्या कोयत्यावर.’

त्यांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो, कारण सासूची कूस पालटली नाही तर पाठीला जखमा होतात. धुणे दिवसातून दोनदा. बाजारात मोठ्या माणसांचे डायपर मिळतात हे त्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयातून परतताना त्यांनी एक पुडके घेतलेही होते. पण एक डायपर तीस-चाळीस रुपयांना पडतो आणि श्रावणबाळाचे १,५०० रुपये दिवसाला पन्नास रुपयांच्या दराने येतात, हा हिशेब एका आठवड्यात स्पष्ट झाला, आणि पुन्हा जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या सुरू झाल्या. मुलीला स्वतःच्या हाताने जेवता येते, पण तिला एकटी सोडता येत नाही. ती विहिरीकडे जाते. त्यामुळे शेजारच्या रानात कापूस वेचायला दिवसभर जाणे दूरच, गावात रोजगार हमीचे काम निघाले तरी त्या जाऊ शकत नाहीत. नवरा घरी असताना काही हातभार लावतो का, असे विचारले तेव्हा त्या हसल्या आणि ‘पाणी आणतेत की’ एवढेच म्हणाल्या.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले की घरकामात गुंतलेली स्त्री त्यावर दिवसाची २८९ मिनिटे विनामोबदला खर्च करते आणि पुरुष ८८. घरातील माणसांच्या शुश्रूषेत स्त्रीची १३७ मिनिटे जातात, पुरुषाची ७५. या सरासऱ्यांत त्या बाईंचा दिवस कोठे बसवावा हे मला सुचेना. शुश्रूषेची किंमत काढण्यासाठी पाहणी करणाऱ्यांनी किती खटाटोप केला असेल. मुकादमाच्या वहीत मात्र ती कधीच नोंदलेली आहे. पूर्ण उचल वजा अर्धी उचल, हीच त्या बाईंच्या वर्षभराच्या श्रमाची बाजारातली किंमत, आणि ती त्यांच्या घरातून दर हंगामात वजा होते. गंमत अशी की उचल ही मिळकत नसून कर्ज आहे, जे अंग मोडून फेडावयाचे असते. तेव्हा तलाठ्याने तिला उत्पन्नात न धरता एकवीस हजारांचा दाखला दिला, तर त्याने फार मोठे असत्य लिहिले असेही म्हणवत नाही.

लाडकीचे पैसे

त्या घरात तीन खात्यांवर पैसे येतात. सासूचे श्रावणबाळाचे; मुलीचे संजय गांधी योजनेतील, जे दिव्यांगांसाठी तेव्हा नुकत्याच निघालेल्या शासन निर्णयाने ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० होणार होते; आणि खुद्द बाईंच्या नावे दरमहा १,५०० रुपये, जे मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे आहेत. स्वतःच्या नावावर नियमाने पैसा येण्याची त्यांच्या आयुष्यातील ही पहिलीच वेळ, आणि त्याचा उल्लेख करताना त्यांचा चेहरा उजळला हे मी नमूद केले पाहिजे. निवडणुकीच्या तोंडावर आणलेली योजना म्हणून तिच्याकडे नाक मुरडून पाहणाऱ्या आम्हां शहरी मंडळींनी तो चेहरा पाहावयास हवा होता.

ही योजना २८ जून २०२४ रोजी जाहीर झाली आणि स्वातंत्र्यदिनाच्या आसपास दोन महिन्यांचे पैसे एकदम खात्यांत पडले. सरकारी योजना इतक्या त्वरेने अमलात येऊ शकते हे पाहून तहसीलमधील जुने कारकूनही चकित झाले होते. शिधापत्रिका पिवळी वा केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखला मागितला गेला नाही. पाच एकरांची अट आली आणि उठली. अर्ज भरून घेण्याचे काम अंगणवाडी सेविकांनी केले आणि त्यासाठी त्यांना अर्जामागे ५० रुपये देऊ करण्यात आले. निराधार योजनेतील विधवेला जो दाखला मिळविण्यास दोन महिने लागतात, त्यावाचून कोट्यवधी स्त्रियांना पैसे मिळू शकतात हे सरकारने स्वतःच सिद्ध करून दाखविले, आणि तरी त्या विधवेची एकवीस हजारांची अट कायम राहिली. उलट तिला आधीच १,५०० रुपये मिळत असल्यामुळे ती लाडक्या बहिणींत बसत नाही. पत्र्याच्या घरातील परित्यक्ता आणि मोटार नसलेल्या पण बरे चाललेल्या दुकानदाराची पत्नी या दोघींच्या हाती महिनाअखेर सारखीच रक्कम पडते; फरक एवढाच की पहिलीला हयातीचा दाखला देत राहावे लागते.

मग यथाकाल छाननी आली. जून २०२५ मध्ये सुमारे २६ लाख खाती स्थगित झाली, १४ हजारांहून अधिक पुरुष ‘बहिणी’ म्हणून पैसे उचलीत असल्याचे उघड झाले, आणि १८ सप्टेंबरला निघालेल्या आदेशाने प्रत्येकीस दोन महिन्यांत ई-केवायसी करणे बंधनकारक केले. त्यात स्वतःच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा किंवा पित्याचा क्रमांकही द्यावयाचा, आणि त्यांच्या भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी भरावयाचा होता. आमच्या बाईंचा नवरा मुकादमाबरोबर निघण्याच्या बेतात होता. त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक दोन वर्षांपूर्वी बदललेला, आणि आधारला जुनाच जोडलेला. सेवा केंद्रातील मुलाने आधी तो बदलून घ्या असे सांगितले होते. पती वारलेला आणि पिताही हयात नाही अशा स्त्रीने कोणाचा क्रमांक द्यावा, या प्रश्नाचे उत्तर त्या केंद्रात त्या दिवशी कोणापाशी नव्हते. ‘सध्या थांबा, काहीतरी निघेल,’ असे तो मुलगा प्रत्येकीला सांगत होता.

पालकाचा रकाना

लाडकीचे पैसे त्या बाईंना मिळतात ते त्या एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्री आहेत म्हणून. दोन परावलंबी जीव त्या सांभाळतात म्हणून नव्हे. उद्या सासू आणि मुलगी नसत्या आणि त्या पूर्ण कोयता होऊन फडावर गेल्या असत्या, तरीही हे पैसे तेवढेच मिळाले असते. शेजारच्या गोव्यात २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गृह आधार योजना आणली, तेव्हा घर चालविणाऱ्या गृहिणीला महागाईत हातभार हा तिचा हेतू उघडपणे सांगितला गेला. आज तेथे दरमहा १,५०० रुपये मिळतात. केरळाने त्याही पुढे जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची देखभाल करणाऱ्या व्यक्तीसाठी ‘आश्वासकिरणम्’ या नावाने स्वतंत्र साहाय्य सुरू केले. त्यातील ६०० रुपयांची रक्कम अल्प आहे, परंतु शुश्रूषा करणारा मनुष्य हा स्वतंत्र लाभार्थी असू शकतो, हे त्या राज्याच्या दप्तराने मान्य केले आहे.

महाराष्ट्राला त्यासाठी नव्या तत्त्वाचा शोध लावावयाचा नाही. संसदेने २०१६ साली संमत केलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यातील चोविसाव्या कलमात, सरकारांनी जी साहाय्ये द्यावयाची त्यांत, अतिसाहाय्याची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट निर्देश आहे. दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनांतील रकमेपेक्षा निदान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावी, असेही तेच कलम म्हणते. यातील दुसऱ्या गोष्टीची पूर्तता व्हायला महाराष्ट्राला नऊ वर्षे लागली. पहिलीची चर्चाही मी कोठे ऐकली नाही. आपल्याकडे मुलांच्या बाबतीत मात्र हे तत्त्व काही अंशी रुजले आहे: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, ते व्यवहारात आईच्याच हाती येतात, आणि करोनात विधवा झालेल्या कित्येक स्त्रियांची घरे त्यावर तगली. अठराव्या वर्षी मूल कागदावर सज्ञान होते आणि ती रक्कम थांबते.

आमच्या बाईंना हाच अठरावा वाढदिवस निराळ्या रीतीने नडला. मुलगी सज्ञान झाली, सबब तिच्या खात्यावर आईचा अंगठा चालणार नाही, असे बँकेने सांगितले. मग १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र आणणे आले. त्यासाठी त्यांनी बीडच्या फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला सासूजवळ शेजारीण बसवावी लागे आणि तिला दिवसाची मजुरी द्यावी लागे. अखेर प्रमाणपत्र आले. त्यांनी ते पत्र्याच्या पेटीतून काढून दाखविले. त्यावर मुलीच्या नावाखाली पालक म्हणून त्यांचे पूर्ण नाव, पत्ता आणि छायाचित्र आहे, आणि मुलीच्या संपूर्ण देखभालीची जबाबदारी त्यांच्यावर असल्याचे लेखी नमूद आहे.

परतताना मी पुन्हा तहसीलमध्ये डोकावलो. पंचनाम्यांचा पहिला भर ओसरला होता आणि नायब तहसीलदार जागेवर होते. जिल्ह्यात ज्यांना अशी पालकत्वाची प्रमाणपत्रे दिली आहेत, ज्यांच्या घरात ऐंशी टक्क्यांहून अधिक अपंगत्वाचा दाखला असलेले माणूस आहे, ज्या वृद्धांच्या वतीने घरातील कोणी हयातीचा दाखला घेऊन येते कारण त्यांना स्वतः उठता येत नाही, अशांची गावनिहाय यादी करायची म्हटली तर किती काळ लागेल, असे मी त्यांना विचारले. त्यांनी समोरच्या संगणकाकडे आणि मग मागच्या कपाटाकडे पाहिले. ‘नावे सगळी आहेतच आमच्याकडे,’ ते म्हणाले. ‘दिव्यांगांची यादी पोर्टलवर, प्रमाणपत्रांची नोंद जिल्ह्याला, आणि कोण कोणाला घेऊन येतं हे तर आमच्या कारकुनाला तोंडपाठ आहे. आठ दिवस द्या. पण वरून कोणी मागितलेली नाही.’